ब्रँडची ओळखीची खूण जपावी की नवेपणा आणावा?

शब्दवेध

जाहिरातीच्या व्यवसायात कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहिण्याचे काम मी दीर्घकाळ करीत आले आहे. या काळात एक प्रश्न सतत समोर येत राहिला असून त्यावर इथल्या जाणकारांशी सविस्तर बोलावे, असे मनापासून वाटते. ब्रँड म्हणजे ग्राहकाच्या मनात साठत गेलेली आठवण, याबद्दल फारसा वाद नसावा. ही आठवण पक्की व्हायची तर तोच रंग, तेच चिन्ह, तोच सूर पुन्हा पुन्हा समोर यावा लागतो. सर्जनशीलतेकडून मात्र आपण नेमकी याच्या उलट अपेक्षा धरतो. काल केले तेच आज पुन्हा केले, तर काम कितीही नेटके असले तरी बैठकीत त्याचे कौतुक होत नाही. या दोन अपेक्षांची सांगड घालायची कशी, हा या धाग्याचा विषय आहे.

माझे मत आधीच स्पष्ट सांगते. ब्रँडच्या खुणांचा कंटाळा सर्वांत आधी येतो तो त्या खुणा सांभाळणाऱ्या माणसांना, आणि ग्राहकाला त्यांची पुरती ओळख पटण्याच्या आतच त्या बदलल्या जातात. यामागे कोणाचा हेतू वाईट असतो असे नाही. जी मंडळी रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच बोधचिन्ह, तेच वेष्टन आणि तीच टॅगलाइन पाहत असतात, त्यांना ते शिळे वाटू लागणे स्वाभाविक आहे. त्यातच ब्रँडची सूत्रे नव्या अधिकाऱ्याकडे आली, की आपल्या कारकिर्दीची काही तरी खूण उमटावी असे त्यालाही वाटते. ग्राहक मात्र त्या वेष्टनाकडे क्षणभर पाहतो, हात पुढे करतो आणि निघून जातो. त्याच्या आयुष्यात त्या ब्रँडला जेवढी जागा असते, ती आपल्या कल्पनेपेक्षा फारच लहान असते.

सर्जनशीलता आणि सातत्य यांचे भांडण नाही, हे पटवण्यासाठी मी नेहमी फोक्सवॅगन बीटल या छोट्या मोटारगाडीच्या जाहिरातींकडे बोट दाखवते. १९५९ मध्ये डॉइल डेन बर्नबाख या अमेरिकन एजन्सीने 'थिंक स्मॉल' ही जाहिरात केली. हेल्मट क्रोन आर्ट डायरेक्टर होते आणि ज्युलियन कोनिग कॉपीरायटर. पान बहुतांश कोरे, वरच्या बाजूला एका कडेला तिरपी ठेवलेली एवढीशी गाडी, खाली छोटा मथळा आणि त्याखाली मजकुराचे तीन स्तंभ. पुढच्या वर्षी 'लेमन' ही जाहिरात आली. अमेरिकेत सदोष निघालेल्या गाडीला लोक लेमन म्हणतात. आपल्याच गाडीच्या चित्राखाली कंपनीने तो शब्द छापला आणि खालच्या मजकुरात सांगितले, की या गाडीच्या ग्लव्ह कंपार्टमेंटवरील, म्हणजे पुढच्या आसनासमोरील छोट्या कप्प्यावरील क्रोमची पट्टी डागाळलेली असल्याने तपासनिसाने ही गाडी नाकारली आहे. वाचणारा दचकतो, मजकूर वाचतो आणि कंपनीच्या काटेकोरपणावर विश्वास ठेवून पान उलटतो.

पण मला लक्ष वेधायचे आहे ते मांडणीकडे. मोठे छायाचित्र, खाली मथळा, मथळ्यानंतर पूर्णविराम, फ्युचुरा हे अक्षरवळण, तीन स्तंभ ही चौकट त्यांनी वर्षानुवर्षे फारशी हलवली नाही. मथळा झाकला तरी जाहिरात कोणाची हे ओळखता येत असे, आणि तरीही दर वेळी वाचायला काही तरी अनपेक्षित मिळत असे. ॲब्सोल्यूट वोडकाच्या जाहिरातींनीही १९८०च्या दशकाच्या आरंभापासून सुमारे २५ वर्षे बाटलीचा आकार आणि दोन शब्दांचा मथळा एवढेच धरून ठेवले, बाकी सारे बदलत राहिले. माझ्या मते सर्जनशील माणसाची खरी कसोटी अशा चौकटीच्या आत लागते. चौकट मोडून लक्ष वेधणे त्या मानाने फार सोपे असते.

आपला अनुभव आणि अभ्यास काय सांगतो, ते जरूर लिहावे. असहमती असेल तर ती अधिक विस्ताराने लिहावी.

निरीक्षक

उत्तम विषय. ग्राहक मानसशास्त्राचा अभ्यासक म्हणून आपल्या मूळ मुद्द्याला आधारही द्यावासा वाटतो आणि त्याची एक मर्यादाही नोंदवावीशी वाटते.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. त्यातील प्रयोगांत त्यांनी लोकांना निरर्थक शब्द, चिनी लिपीसारखी दिसणारी चिन्हे आणि अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रे कमीअधिक वेळा दाखवली. काही एकदाच, काही २५ वेळांपर्यंत. त्या चिन्हाचा अर्थ चांगला असेल की वाईट, असे विचारल्यावर जे चिन्ह अधिक वेळा पाहिले होते, त्याला लोकांनी अधिक चांगला अर्थ दिला. कोणतीही माहिती, बक्षीस किंवा युक्तिवाद न देता, केवळ डोळ्यांखालून वारंवार गेल्यामुळे आवड निर्माण झाली. मनाला ओळखीची गोष्ट ओळखण्यास कष्ट कमी पडतात आणि ती सहजता आपण त्या गोष्टीच्या चांगुलपणाच्या खात्यात जमा करतो, असा त्याचा एक उलगडा दिला जातो.

मर्यादा अशी, की हा परिणाम अनंत काळ चढत जात नाही. नंतरच्या अभ्यासांत असे दिसले, की तीच गोष्ट सलग आणि लक्षपूर्वक पाहावी लागली तर काही काळानंतर कंटाळा आवडीवर मात करतो. मधे अंतर असेल, किंवा पाहणे ओझरते असेल, तर आवड अधिक टिकते. आपल्या निरीक्षणाचे कारण मला यातच दिसते. कार्यालयातील मंडळी सलग आणि लक्षपूर्वक पाहतात, तर ग्राहक अंतराअंतराने आणि ओझरते पाहतो. तीच खूण असली तरी दोघांच्या मनावर होणारी प्रक्रिया वेगळी असल्यामुळे एकाच्या कंटाळ्यावरून दुसऱ्याच्या कंटाळ्याचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते.

आठवण केवळ निवडीवरच नव्हे, तर अनुभवावरही परिणाम करते का, हा पुढचा प्रश्न. २००४ मध्ये 'न्यूरॉन' या नियतकालिकात कोक आणि पेप्सीवरील प्रयोग प्रसिद्ध झाला होता. नाव लपवून पेय दिले तेव्हा पसंती जवळजवळ समसमान विभागली गेली. पेय कोक आहे हे सांगितले, तेव्हा पसंती कोककडे झुकली आणि स्मृतीशी संबंधित असलेल्या हिपोकॅम्पससह मेंदूचे इतर काही भाग अधिक सक्रिय झालेले दिसले. प्रयोग छोटा होता, त्यामुळे त्यावर मोठा इमला उभारू नये. पण पेय आणि त्याची आठवण एकाच घोटात घेतली जातात, एवढे म्हणण्यास तो पुरेसा आहे.

रेषाकार

मी वेष्टनांचे डिझाइन करतो. निरीक्षक यांनी सांगितलेली ओळखण्यातली सहजता आमच्या कामात फार ठळकपणे दिसते, म्हणून एक उदाहरण जवळून पाहू.

पेप्सिकोने २००९ च्या जानेवारीत ट्रॉपिकाना या फळांच्या रसाचे वेष्टन अमेरिकेत बदलले. जुन्या खोक्यावर एक संत्रे होते आणि त्यात थेट स्ट्रॉ खुपसलेली होती. नव्या खोक्यावर त्या जागी रसाने भरलेला काचेचा पेला आला. ब्रँडचे नाव आडवे होते, ते उभे होऊन कडेला गेले. झाकण अर्ध्या संत्र्याच्या आकाराचे केले होते आणि ते हातात धरून पाहिले तर खरोखर कल्पक होते. सुटे सुटे तपासले तर त्या डिझाइनमध्ये निंदा करावी असे थोडेच होते. पण लांबच लांब फळीवर, शेजारी दहा खोकी असताना, घाईत असलेल्या डोळ्याला जे संत्रे शोधायची सवय होती तेच नाहीसे झाले होते. जेमतेम दोन महिन्यांत खप सुमारे २० टक्क्यांनी घसरला आणि कंपनीने जुने वेष्टन परत आणले.

या घटनेचा अर्थ पुष्कळ जण 'लोकांना नवे डिझाइन आवडले नाही' असा लावतात. मला तो अपुरा वाटतो. अनेकांना ते आवडले की नाही हा प्रश्नच पडला नसावा. त्यांना आपले खोके सापडले नाही, किंवा सापडले ते एखाद्या स्वस्त, नाव नसलेल्या मालासारखे भासले. आवडनिवड विचारणारे सर्वेक्षण हा दोष दाखवू शकत नाही, कारण सर्वेक्षणात खोके एकटे समोर ठेवलेले असते आणि माणूस सावकाश पाहत असतो.

म्हणून कोणतेही नवे वेष्टन मी आधी छापून, कापून, चिकटवून उभे करतो, ते इतर मालाच्या रांगेत ठेवतो आणि काही पावले मागे जाऊन डोळे अर्धवट मिटून पाहतो. अक्षरे पुसट होतात, छायाचित्रांचे तपशील विरघळतात, उरतात ते रंगांचे ठोकळे आणि एखादी ठळक बाह्यरेषा. तेवढ्यावर ब्रँड ओळखू आला पाहिजे. १९१५ मध्ये कोका-कोलाने बाटली तयार करणाऱ्या कारखान्यांना जी अट घातली होती, ती मला आजही या विषयावरील सर्वांत नेमकी अट वाटते : बाटली अंधारात हाताला ओळखू यावी आणि फुटून जमिनीवर पडलेली असली तरी ओळखू यावी.

प्रश्नचिन्ह

चर्चा वाचनीय आहे, तरी मला दोन ठिकाणी गंभीर आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप सातत्याच्या बाजूने केलेल्या मांडणीवर आहे. मार्लबोरो ही सिगारेट १९२०च्या दशकापासून स्त्रियांसाठी, सौम्य म्हणून विकली जात होती. १९५०च्या दशकाच्या मध्यात लिओ बर्नेट यांच्या एजन्सीने तिचा चेहरामोहरा पार बदलून टाकला, काउबॉय आणला, आणि ती जगातील सर्वाधिक खपाच्या ब्रँडांपैकी एक झाली. तेव्हा मुळापासून केलेला बदल धोक्याचाच असतो, हे विधान टिकत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो आणि तो याच उदाहरणातून निघतो. ज्या कल्पकतेचे आपण कौतुक करतो, तिने जिवाला घातक असलेल्या वस्तूला पुरुषार्थाचे आणि मोकळ्या रानाचे रूप दिले. मानसशास्त्र इतके प्रभावी असेल, तर ग्राहकाच्या नकळत त्याच्या मनाशी खेळण्याचा परवाना आपल्याला कोणी दिला? आवडीची कारणे ज्याला स्वतःलाच ठाऊक नाहीत, त्याने स्वतंत्रपणे निवड केली असे कसे म्हणायचे?

शब्दवेध

प्रश्नचिन्ह, दोन्ही आक्षेप मोलाचे आहेत.

मार्लबोरोचे उदाहरण बरोबर आहे, पण ते माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाते असे मला वाटत नाही. बदलाच्या वेळी त्या ब्रँडचा खप अगदीच थोडा होता. म्हणजे लोकांच्या मनात पुसण्याजोगे फारसे काही नव्हतेच. त्यानंतर लाल-पांढरे पाकीट आणि तो घोडेस्वार कंपनीने कित्येक दशके हलू दिले नाहीत. याउलट १९८५ मधील कोका-कोला पाहा. सुमारे दोन लाख लोकांना नाव लपवून चव दाखवली, नवी चव अधिक पसंत पडली, आणि त्या भरवशावर २३ एप्रिलला जुने पेय बंद करून नवे आणले. लोकांचा संताप इतका अनावर झाला, की ७९ दिवसांत जुने पेय परत आणण्याची घोषणा करावी लागली. चवीबद्दलचे उत्तर खोटे नव्हते. आपले नेहमीचे पेय आपल्याकडून काढून घेतले तर काय वाटेल, हे मात्र त्या चाचणीत कोणी विचारलेच नव्हते. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले होते, की तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा हानीचे दुःख माणसाला अधिक जाणवते. जितकी आठवण मोठी, तितकी ती हिरावली जाण्याची किंमत मोठी, असा हिशेब मी मांडेन.

नीतीच्या प्रश्नावर मला टाळाटाळ करायची नाही. सिगारेटच्या जाहिरातीतील कौशल्य मान्य करूनही ते काम करू नये, असे मी ठामपणे म्हणते, आणि अशी कामे मी घेत नाही. वस्तू घातक असेल तर तिची उत्तम जाहिरात करणे हे अधिक वाईट काम ठरते.

निरीक्षक

प्रश्नचिन्ह यांच्या दुसऱ्या आक्षेपाबाबत थोडी भर घालतो, कारण मानसशास्त्राच्या सामर्थ्याबद्दल भीती आणि आकर्षण या दोन्ही गोष्टी वाजवीपेक्षा अधिक पसरलेल्या आहेत. १९५७ मध्ये जेम्स व्हिकरी यांनी दावा केला, की चित्रपट चालू असताना डोळ्याला जाणवणार नाहीत इतक्या कमी वेळासाठी झळकवलेल्या संदेशांमुळे खाद्यपेयांची विक्री वाढली. सगळीकडे खळबळ उडाली. १९६२ मध्ये त्यांनीच मुलाखतीत मान्य केले, की त्या दाव्यामागे विश्वासार्ह माहिती नव्हती. तरीही छुप्या संदेशांची ती कथा आजही प्रशिक्षणवर्गांत सांगितली जाते.

पर्याय जास्त झाले की ग्राहक खरेदीच करत नाही, हा सिद्धान्तही असाच सरसकट वापरला जातो. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांच्या अभ्यासात २४ प्रकारचे जॅम मांडले असता थांबलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांनी खरेदी केली आणि ६ प्रकार मांडले असता सुमारे ३० टक्के लोकांनी. हे आकडे सर्वांना पाठ असतात. पण २०१० मध्ये अशा सुमारे ५० प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या जवळ निघाला. म्हणजे काही परिस्थितींत तो दिसतो, काहींत दिसत नाही, आणि आपली परिस्थिती कोणती हे स्वतः तपासल्याशिवाय कळत नाही.

खरा धोका मला वेगळ्या जागी दिसतो. संकेतस्थळावर सवलत संपायला किती वेळ उरला हे दाखवणारी खोटी उलटी घड्याळे लावणे, सदस्यत्व घेण्याची वाट रुंद आणि सोडण्याची वाट लपवून ठेवणे, नकाराच्या बटणावर ग्राहकाला लाज वाटेल असा मजकूर लिहिणे, अशा युक्त्यांना हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये 'डार्क पॅटर्न' हे नाव दिले. यांतही मानसशास्त्रच वापरलेले असते. फरक ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे : आपण काय केले हे ग्राहकाला उघडपणे सांगितले, तर त्याला फसवल्यासारखे वाटेल का? 'आम्ही तुम्हाला तोच रंग वर्षानुवर्षे दाखवला' हे सांगायला कोणत्याही कंपनीला संकोच वाटणार नाही. 'ते घड्याळ खोटे होते' हे कोणी सांगणार नाही.

आकडेमोड

विक्रीच्या आकड्यांवर काम करणाऱ्याच्या नजरेतून एक भर. ब्रँडवरील 'निष्ठा' हा आपल्या व्यवसायातील फार लाडका शब्द आहे. आकड्यांमध्ये मात्र ती निष्ठा आपण समजतो तितकी खोल नसते. अँड्र्यू एरेनबर्ग यांनी घरोघरच्या खरेदीच्या नोंदी अनेक वर्षे तपासल्या. बहुतेक लोक एकाच प्रकारच्या वस्तूचे दोन-चार ब्रँड आलटून-पालटून घेतात, असे त्यांना आढळले. लहान ब्रँडला ग्राहक कमी असतातच, शिवाय ते ग्राहक त्याची खरेदीही थोडी कमी वेळा करतात, या दुहेरी तोट्याचा नमुना त्यांना एकामागून एक बाजारपेठेत दिसला. म्हणजे ब्रँड वाढतो तो मुख्यतः क्वचित घेणाऱ्या, अर्धवट लक्ष देणाऱ्या माणसांमुळे. अशा माणसासाठी दर वर्षी नवी ओळख तयार करणे म्हणजे जेमतेम झालेला परिचय पुन्हा पहिल्यापासून सुरू करणे होय.

पैशाची विभागणीही याला जोडलेली आहे. लेस बिने आणि पीटर फील्ड यांनी ब्रिटनमधील जाहिरात मोहिमांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये असे मांडले, की साधारण ६० टक्के खर्च ब्रँडची आठवण घडवण्यावर आणि ४० टक्के तत्काळ विक्रीवर करणे सरासरीने लाभदायक ठरते. हे प्रमाण व्यवसायानुसार बदलते, त्यामुळे त्याला मंत्र मानू नये. सवलतीच्या जाहिरातीचा परिणाम त्याच आठवड्याच्या अहवालात दिसतो आणि आठवणीचा परिणाम दिसायला फार वेळ लागतो, म्हणून अहवाल वाचणारा माणूस नकळत पहिल्या प्रकाराकडे झुकत जातो. हा झुकाव मी प्रत्यक्ष पाहिला आहे आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते.

प्रश्नचिन्ह

निरीक्षक यांची कसोटी मला पटली. मार्लबोरोबाबतचे स्पष्टीकरणही मान्य. एक शेवटची शंका : ज्याचा व्यवसाय नुकताच सुरू झाला आहे, ज्याची कोणाच्या मनात काहीच आठवण नाही, त्याने खूण निवडायची कशी? जपण्याचा प्रश्न नंतरचा.

रेषाकार

प्रश्नचिन्ह, प्रथम आपल्या क्षेत्रातील इतर सर्वांच्या खुणा एका मोठ्या कागदावर शेजारी शेजारी चिकटवाव्यात. बहुतेक क्षेत्रांत असे दिसते, की सगळ्यांनी एकमेकांकडे पाहून एकसारखेच रंग आणि एकसारखीच चिन्हे घेतली आहेत. हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते, की एकसारख्या गोष्टींच्या यादीतील एकच वेगळी गोष्ट अधिक लक्षात राहते. मोकळी जागा कोठे आहे हे तो कागदच सांगतो.

ओवेन्स कॉर्निंग ही अमेरिकन कंपनी भिंतींच्या आणि छताच्या आत भरायचे, उष्णता अडवणारे काचतंतूंचे आवरण बनवते. बांधकाम झाल्यावर जी वस्तू कोणाला दिसतही नाही, तिला कंपनीने १९५०च्या दशकात गुलाबी रंग दिला. त्या रंगाचा वस्तूच्या उपयोगाशी कसलाही संबंध नव्हता, आणि म्हणूनच तो इतर कोणाचा नव्हता. तो तसाच जपल्यामुळे १९८५ मध्ये अमेरिकन न्यायालयाने त्या रंगावर ट्रेडमार्क नोंदवण्याचा त्यांचा हक्क मान्य केला.

तेव्हा रंग, आकार, अक्षरांचे वळण किंवा एखादा छोटा सूर यांपैकी दोन-तीनच गोष्टी निवडाव्यात. त्यांना अर्थ असलाच पाहिजे, या हट्टात वेळ घालवू नये. अर्थ वापरातून चिकटतो. वेष्टन, पावती, संकेतस्थळ आणि माल पोहोचवणारी गाडी या सर्व ठिकाणी त्याच खुणा त्याच मापात वापराव्यात. त्या बदलण्याचा विचार मनात आला, तर निर्णय घेण्यापूर्वी नाव झाकून त्या अनोळखी ग्राहकांना दाखवाव्यात आणि किती जण ब्रँड ओळखतात ते मोजावे. पुष्कळ जण ओळखत असतील, तर हात लावू नये. थोडेच ओळखत असतील, तर त्या खुणा आजवर पुरेशा वापरल्या गेल्या का, हे आधी तपासावे.